हातचें ज्ञान शब्दांत

तीस वर्षें एकाच रुग्णालयांत काम केलेली परिचारिका निवृत्त होते. निरोपसमारंभ होतो, हार घातला जातो, चार शब्द बोलले जातात; आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या विभागांत कांहींतरी उणें झालें आहे, हें सर्वांच्या ध्यानांत येतें. घाबरलेल्या रोग्यापाशीं कसें जावें, नातेवाईकांना खोलीबाहेर केव्हां न्यावें आणि केव्हां मुळींच नेऊं नये, डॉक्टरांना अपरात्रीं उठवावें कीं सकाळपर्यंत थांबावें, हें तिला ठाऊक होतें. पाठ्यपुस्तकांत हें लिहिलेलें नसतें. बरें, जातांना कोणी तिला विचारलें असतें, तर "गोड बोलावें, धीर धरावा" याहून अधिक कांहीं तिलाहि सांगतां आलें नसतें. हाताला जें कळतें तें जिभेला सांगतां येतेंच असें नाहीं. गवंडी, शिक्षक, सुईण, स्वयंपाकी, सर्वांची हीच गत आहे.

असें ज्ञान माणसाबरोबर जाऊं द्यावयाचें, कीं तें शब्दांत धरून ठेवावयाचा कांहीं मार्ग आहे? या प्रश्नाचें एक लक्षांत घेण्याजोगें उत्तर वास्तुशास्त्राच्या बाजूनें आलें, आणि त्याच्या प्रारंभाचा एक धागा हिंदुस्थानांतील एका खेड्यापाशीं जातो.

ख्रिस्टोफर अलेक्झांडर यांचा जन्म १९३६ सालीं व्हिएन्ना येथें झाला; शिक्षण इंग्लंडांत. केंब्रिज येथें गणित आणि वास्तुशास्त्र हे दोन्ही विषय संपवून ते अमेरिकेंत हार्वर्डला गेले, आणि त्या काळांत गुजरातेंतील एका खेड्यांत जाऊन राहिले. ६०० वस्तीच्या भारतीय खेड्याची नव्यानें आंखणी करावयाची झाल्यास कोणकोणत्या गरजा भागल्या पाहिजेत, याची त्यांनीं यादी केली. गुरें, पाणी, शेती, जातिजातींचे व्यवहार असें करतां करतां ती १४१ पर्यंत गेली. मग कोणती गरज कोणत्या गरजेशीं अडते वा जुळते हें मांडून त्यांनीं तो सारा गुंता गणितानें सोडविला. १९६४ सालीं 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' या नांवानें तो प्रबंध प्रसिद्ध झाला आणि तरुण वास्तुविशारदांत त्याचा मोठा बोलबाला झाला. पुष्कळांनीं त्यांतील गणिताची पद्धति उचलली. १९७१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत मात्र खुद्द ग्रंथकारानेंच त्या पद्धतीचा बडेजाव झटकून टाकला. खेड्याच्या एकेका अडचणीचें उत्तर दाखविणाऱ्या ज्या लहान लहान आकृत्या वाटेंत काढल्या गेल्या होत्या, त्यांतच खरा लाभ होता, असें त्यांचें म्हणणें पडलें. पंडितानें आपल्याच पांडित्याचें मोल असें कमी करावें, हें फारसें घडत नाहीं.

या आकृत्यांतूनच पुढें 'पॅटर्न' हा शब्द आला. मराठींत त्याला आकृतिबंध म्हणतां येईल. कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें सारा इशिकावा, मरे सिल्व्हरस्टाइन आणि इतर सहकारी यांच्यासह अलेक्झांडर यांनीं १९७७ सालीं 'अ पॅटर्न लँग्वेज' हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत २५३ आकृतिबंध आहेत. पहिला साऱ्या प्रदेशाविषयीं, शेवटचा घरांतील भिंतीवर आणि फळीवर आपल्या आयुष्यांतल्या वस्तु ठेवण्याविषयीं. मध्यें गल्ली, चौक, दार, खिडकी, सारें आलें. प्रत्येकाला एक नांव आहे, आणि नांवें अशीं कीं एकदां ऐकलीं म्हणजे विसरतां येत नाहींत: 'अर्धी झांकलेली बाग', 'जिकडेतिकडे म्हातारीं माणसें', 'चारचौघांत झोप'. या शेवटच्या नांवाचें हंसूं येईल. पण ज्या सार्वजनिक जागेंत माणसाला निर्धास्तपणें डुलकी घेतां येते ती जागा साधली, असा त्यामागचा विचार आहे.

आकृतिबंध लिहावयाची रीत ठरलेली आहे. प्रथम परिस्थिति सांगावयाची. मग त्या परिस्थितींत पुनः पुनः उद्भवणारी अडचण. अडचणींत एकमेकांविरुद्ध ओढणारे जोर. आणि 'म्हणून' या शब्दापाठोपाठ उपाय. शेवटीं, हा बंध कोणत्या मोठ्या बंधाचा भाग आहे आणि कोणत्या लहानांनीं पुरा होतो, हेंहि नोंदावयाचें. या अखेरच्या जोडणीमुळेंच ती नुसती यादी न राहतां भाषा होते, कारण शब्द शब्दाला लागून येतो.

उदाहरणादाखल सज्जाचा बंध घ्यावा. सहा फुटांहून कमी खोलीचे सज्जे क्वचितच वापरले जातात, असें तेथें म्हटलें आहे. कारण साधें आहे. दोन-तीन माणसें पाय पसरून, मध्यें एखादें लहानसें मेज ठेवून बसूं म्हणतील, तर तेवढी जागा लागते; ती नसली म्हणजे माणूस क्षणभर उभा राहतो आणि आंत जातो. आतां गिरगांवांतील चाळींत वाढलेला श्रोता येथें हटकेल. चाळीची गॅलरी सहा फूट कोठें असते? तरी सकाळपासून रात्रीपर्यंत तिच्यांत माणसांचा राबता असतो. आक्षेप बरोबर आहे, आणि उत्तरहि त्यांतच आहे. चाळीची गॅलरी ही सर्वांच्या दारांवरून जाणारी वाट आहे. तेथें माणसें बसावयास जात नाहींत, येतांजातां थबकतात. सज्जाची परिस्थिति निराळी, गॅलरीची निराळी. परिस्थिति गाळून उपाय तेवढा उचलला कीं बंधाचा कायदा होतो, आणि कायदा झाला कीं तो चुकतो.

या ग्रंथांतील एक गोष्ट विशेष प्रामाणिकपणाची आहे. कांहीं नांवांपुढें दोन तारका आहेत, कांहींपुढें एक, कांहींपुढें एकहि नाहीं. दोन तारका म्हणजे येथें खरें मर्म हातीं लागलें असा लेखकांचा विश्वास. एक म्हणजे वाट सांपडली, पण अजून सुधारणा व्हावी. एकहि नसली म्हणजे हा केवळ एक मार्ग, दुसरेहि असतील. खोलीला दोन बाजूंनीं उजेड असावा, या बंधापुढें दोन तारका आहेत: एकाच बाजूचा उजेड डोळ्यांवर येतो आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरील सूक्ष्म भाव दिसत नाहींत. आपल्या विधानांवर किती भार टाकावा हें लेखकांनींच असें सांगून ठेवण्याची चाल इतर ग्रंथांनींहि उचलली असती, तर वाचकांचे श्रम वांचले असते.

परंतु आकृतिबंध हातीं लागतो कसा? तो खोलींत बसून सुचत नाहीं. येथें गुणात्मक संशोधनाची, म्हणजे मोजण्यापेक्षां पाहण्याऐकण्यावर भर देणाऱ्या संशोधनाची, गरज लागते. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्राउस या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनीं मरणोन्मुख रोग्यांच्या भोंवतीं रुग्णालयांत काय घडतें, कोणाला काय ठाऊक असतें आणि कोण काय लपवितो, हें जवळून पाहिलें. आणि त्या अनुभवावर १९६७ सालीं संशोधनाच्या रीतीवर ग्रंथ लिहिला. सिद्धांत आधीं ठरवून त्याला पुरावे जोडूं नयेत. एक प्रसंग दुसऱ्याशीं, दुसरा तिसऱ्याशीं ताडून पाहत जावें, आणि नवा प्रसंग नवें कांहीं सांगेनासा झाला म्हणजे थांबावें, असें त्यांचें सांगणें होतें.

त्याच सालीं जपानांत जिरो कावाकिता यांचें पुस्तक आलें. कावाकिता यांनीं नेपाळच्या डोंगरांत हिंडून तेथील लोकजीवनाचा अभ्यास केला होता. गांवांतून गोळा केलेल्या शेंकडों नोंदींचें करावयाचें काय, या पेचांतून त्यांची पद्धति निघाली. एका कार्डावर एकच गोष्ट, एका छोट्या वाक्यांत लिहावयाची. मग सारीं कार्डें जमिनीवर पसरावयाचीं. आधीं ठरविलेल्या सदरांत तीं कोंबावयाचीं नाहींत. जीं एकमेकांजवळचीं वाटतात तीं जवळ सरकवावयाचीं, आणि जुळलेल्या झुबक्याला एका वाक्याचें नांव द्यावयाचें. पुढें झुबक्यांचे झुबके. ऐकावयास हा पोरखेळ वाटतो. पण ज्यानें एकदां करून पाहिला त्याला कळतें कीं सर्वांत अवघड भाग म्हणजे आपल्या मनांतलीं जुनीं सदरें दूर ठेवणें. जपानी लोक आडनांव आधीं लिहितात, म्हणून कावाकिता जिरो यांच्या आद्याक्षरांवरून हिला 'केजे पद्धति' म्हणतात.

विचारण्याचीहि एक हातोटी आहे. "चांगली शुश्रूषा म्हणजे काय?" असें परिचारिकेला विचारलें कीं सुविचार ऐकावयास मिळतो. "काल रात्रीं त्या बाईंना झोप येत नव्हती, तेव्हां तुम्हीं प्रथम काय केलें?" असें विचारलें कीं हकीकत मिळते. मग पुढचा प्रश्न: दुसरें काय करावेंसें वाटलें होतें, आणि तें कां केलें नाहीं? या 'कां नाहीं' मध्येंच एकमेकांविरुद्ध ओढणारे जोर सांपडतात. रोग्याला सोबत हवी आणि त्याला एकटेंहि राहूं द्यावें लागतें, दोन्ही खरीं. जेथें असा ताण नाहीं तेथें आकृतिबंधहि नाहीं, नुसती सूचना आहे.

वास्तुविशारदांपेक्षां या कल्पनेचें स्वागत संगणकाच्या आज्ञावली लिहिणारांनीं अधिक केलें, ही गंमतीची गोष्ट. १९८७ सालीं केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनीं ती आपल्या कामांत आणून पाहिली. १९९४ मध्यें चार लेखकांनीं मिळून २३ बंधांचें पुस्तक काढलें, आणि तें त्या धंद्यांतील प्रमाणग्रंथ होऊन बसलें. अशा बंधांचा संग्रह सर्वांना मिळून लिहितां यावा म्हणून कनिंगहॅम यांनीं १९९५ सालीं जी सोय केली तिचें नांव 'विकी'. विकिपीडियाचें अर्धें नांव तेथून आलें. या मंडळींनीं दोन चांगले रिवाज पाडले. एक, निदान तीन निरनिराळ्या ठिकाणीं स्वतंत्रपणें आढळल्याशिवाय कशालाहि आकृतिबंध म्हणावयाचें नाहीं. दुसरा कवींच्या बैठकींवरून घेतलेला. लेखक आपल्या लिखाणांतला उतारा वाचतो आणि गप्प बसतो. इतर जण त्याच्या देखत, तो जणुं तेथें नाहींच अशा रीतीनें, काय समजलें आणि काय समजलें नाहीं यावर बोलतात. त्याला स्वतःचा बचाव करावयाची मुभा नसते. पान वाचकाच्या हातीं गेलें म्हणजे लेखक समजावून सांगावयास येणार नसतो, हें त्याला तेवढ्या वेळांत पुरतें उमगतें.

या साऱ्यांत धोके नाहींत असें नाहीं. जेथें चांगलें झालें तेथेंच पाहिलें, तर त्याच युक्त्या करूनहि जेथें बिघडलें तीं ठिकाणें दृष्टीआड राहतात. आणि बंध लिहिला म्हणजे कसब आलें असेंहि नव्हे. १९७६ सालीं मेक्सिकोंतील मेक्सिकाली येथें अलेक्झांडर आणि त्यांचे विद्यार्थी यांनीं कुटुंबांना बरोबर घेऊन घरें बांधावयास काढलीं. प्रत्येक कुटुंबानें आकृतिबंधांच्या आधारें आपल्या घराची आंखणी आपणच केली. घरें ३० व्हावयाचीं होतीं. ५ झालीं, आणि सरकारी पाठिंबा सुटला. त्याहून अधिक टोंचणारी गोष्ट अशी कीं पुस्तक हातीं घेऊन इतरांनीं बांधलेल्या इमारती पाहून अलेक्झांडर यांचें समाधान होईना. बंध जागच्या जागीं, पण प्राण नाहीं. तो कशानें येतो याच्या शोधांत त्यांनीं पुढें चार खंडांचा ग्रंथ लिहिला. १९९६ सालीं सॅन होझे येथें संगणकतज्ज्ञांच्या परिषदेंत त्यांना सन्मानानें बोलावलें, तेव्हांहि त्यांनीं यजमानांना अवघड प्रश्न घातला: तुमच्या या बंधांनीं माणसांचें जीवन अधिक चांगलें होतें काय? २०२२ सालीं ते वारले.

त्या प्रश्नाला तोंड देणारें काम जपानांत झालें आहे. तोकियोच्या केयो विद्यापीठांतील ताकाशी इबा आणि त्यांचे विद्यार्थी मुलाखती आणि केजे पद्धतीचीं कार्डें यांच्या साह्यानें शिकणें, सहकार्य अशा मानवी व्यवहारांचे बंध वेंचतात. २०१५ सालीं त्यांच्या सहभागानें स्मृतिभ्रंशाविषयीं ४० बंधांचें पुस्तक निघालें. त्याचें नांव 'प्रवासासाठीं शब्द' अशा अर्थाचें आहे. कांहीं शब्द रोग झालेल्यांसाठीं, कांहीं घरच्यांसाठीं, कांहीं सर्वांसाठीं. रोगाचें नांव कळलें कीं त्या दिवसापासून घरांत काय काय जमेनासें झालें याची मोजदाद सुरू होते: हिशेब चुकला, गॅस चालू राहिला, नातवाचें नांव आठवलें नाहीं. मोजणारे मायेनेंच मोजतात. पण ज्याचें मोजलें जातें तो हळूहळू एका कोपऱ्यांत जाऊन बसतो. येथें एक बंध आहे, 'जमणाऱ्या गोष्टींची यादी'. अजून काय करतां येतें आणि काय करीत राहावेंसें वाटतें, तें लिहून काढावयाचें.

अशा बंधांच्या बैठकी भरतात. प्रत्येकानें पानें चाळून, यांतलें आपण आधींच काय करीत आलों आहों आणि काय करूं इच्छितों, हें निवडावयाचें. मग जागेवरून उठून, आपल्याला हवा असलेला शब्द ज्यानें जगून पाहिला आहे असा माणूस त्या खोलींत शोधावयाचा. तो सांपडला कीं दोघे एका बाजूला बसतात, आणि पहिला आपल्या घरची हकीकत सांगूं लागतो.