आपले खाते, आपली जबाबदारी

(विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात केलेले भाषण)



दहावी-बारावीचा निकाल लागला की घरात नवा मोबाईल येतो. मोबाईल आला की त्याच संध्याकाळी फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपवर खाते उघडले जाते. बँकेत खाते काढायचे तर आपण फोटो, ओळखीचा पुरावा आणि अर्धा दिवस घेऊन जातो. इथे पाच मिनिटांत काम होते. ही पाच मिनिटे कशी घालवावीत, एवढाच आमचा आजचा विषय आहे. विषय किरकोळ वाटेल. म्हणून तो आपल्या जिल्ह्यात किती मोठा झाला होता, हे आम्ही आधी सांगतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये सातारा शहरात एका मुस्लिम मुलाच्या इन्स्टाग्राम खात्यावरून आक्षेपार्ह मजकूर प्रसिद्ध झाला आणि शहरात तणाव पसरला. लोकांचा राग अर्थातच त्या मुलावर होता, कारण नाव त्याचे होते. पुढे पोलिसांनी दुसऱ्याच एका तरुणाला अटक केली. त्या मुलाच्या खात्यात शिरून मजकूर टाकणारा हाच, असे तपासात आढळल्याचे सांगण्यात आले. तोवर १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे, सोशल मीडियावरील अशाच मजकुरावरून जमाव चालून गेला होता. नासधूस झाली, अनेकजण जखमी झाले आणि एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्यातील इंटरनेट बंद ठेवावे लागले.

मित्रहो, या दोन घटना वेगळ्या आहेत आणि त्यांचा न्याय करणे हे आमचे काम नाही. त्यातून आपण शिकायचे ते एवढेच, की खात्यावर नाव एकाचे असते आणि लिहिणारा हात दुसऱ्याचा असू शकतो. म्हणून आपले खाते दुसऱ्याच्या हाती जाऊ न देणे ही केवळ स्वतःपुरती काळजी नाही, तर शेजाऱ्यांविषयीचे आणि गावाविषयीचे कर्तव्य आहे.

नावाचे महत्त्व सातारकरांना वेगळे सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. रजिस्टरात नोंद आहे ती 'भिवा' या नावाने. २०१७ पासून हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बाबासाहेबांचे नाव शाळेच्या कागदावर चढले, म्हणून त्या ओळीचे मोल आहे.

दुसरी गोष्ट आठवा. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' निघाले. चार शब्द छापायचे तर पैसा, छापखाना, कागद आणि टपाल हवे. शिवाय १८६७ च्या कायद्याप्रमाणे छापणाऱ्याचे व प्रकाशकाचे नाव अंकावर घालावे लागे. आज तुमच्या खिशात एक छापखानाच आहे. तुमचे खाते म्हणजे तुमचे छोटेसे वर्तमानपत्र आहे. त्याचे संपादक तुम्ही, मुद्रक तुम्ही आणि प्रकाशकही तुम्हीच. असा छापखाना रात्रभर दार उघडे टाकून कोणी झोपी जाईल काय?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

पहिली गोष्ट, खाते स्वतः उघडा आणि स्वतःच्या नंबरावर उघडा. आम्ही आमचा पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलालाच म्हणालो, "बाळ, तूच काय ते सुरू करून दे." त्याने भराभर सारे करून दिले. वर्षभराने फोन बिघडला, तेव्हा कळले की खात्याला जोडलेला ई-मेल त्याचा होता आणि पासवर्डही त्यालाच ठाऊक होता. तो मुलगा सज्जन निघाला म्हणून निभावले. पण आम्ही घराची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवून वर्षभर निर्धास्त झोपलो होतो, हे खरे. जुने सिम बंद केले तर खात्यातला नंबर त्याच दिवशी बदला. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते, आणि मग तुमच्या खात्याचा सांकेतिक अंक त्याच्या फोनवर जाऊ लागतो.

दुसरी गोष्ट जन्मतारखेची. आपल्यातल्या निम्म्या वडीलधाऱ्यांचा वाढदिवस १ जूनला येतो. गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख लिहिली! हसू येते, पण कागदोपत्री जी तारीख आहे तीच खात्यात घाला, कारण खाते हातचे गेले तर परत मिळवताना ओळखपत्र मागितले जाऊ शकते. लहान मुलांनी वय वाढवून लिहू नये. फेसबुक-इन्स्टाग्रामवर १३ वर्षांखालील मुलांना खाते उघडता येत नाही. १८ वर्षांखालील मुलांसाठी इन्स्टाग्राम जे संरक्षण ठेवते, ते खोटे वय लिहिणारा मुलगा आपल्या हाताने काढून टाकतो.

तिसरी गोष्ट पासवर्डची. येथे बसलेल्या तरुणांना आम्ही एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातच द्या. तुमच्या पासवर्डमध्ये 'जयभीम' आणि १४ एप्रिलचे आकडे आहेत काय? किंवा स्वतःचे नाव आणि जन्मसाल? असेल तर तो पासवर्ड नव्हे, ती दारावरची पाटी आहे. आपली श्रद्धा ज्याला ठाऊक आहे, त्याला आपला पासवर्डही ठाऊक झाला. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा. एक भाजीचे नाव घ्या, एक ओढ्याचे, एक अवजाराचे, एक रंगाचे. लांब पासवर्ड फोडायला कठीण आणि लक्षात ठेवायला सोपा. प्रत्येक खात्याला पासवर्ड वेगळा हवा. आठवण राहत नसेल तर वहीत लिहून वही घरच्या ट्रंकेत ठेवा, मात्र मोबाईलच्या कव्हरमध्ये चिठ्ठी घालू नका.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती बहुतेकजण करत नाहीत. खात्याच्या सेटिंगमध्ये 'टू-स्टेप' किंवा 'टू-फॅक्टर' नावाची सोय असते, ती सुरू करा. म्हणजे कोणाला पासवर्ड कळला तरी दुसरा अंक दिल्याशिवाय दार उघडत नाही. व्हॉट्सॲपवर सहा आकडी पिन ठेवता येतो. त्याच ठिकाणी 'लिंक्ड डिव्हायसेस' पाहा. तुमचे व्हॉट्सॲप आणखी कोणत्या संगणकावर चालू आहे, ते तिथे दिसते. ओळखीचे नसेल ते काढून टाका. आणि फोनवर आलेला ओटीपी कोणालाही सांगू नका. बँकेचा माणूस म्हणाला तरी नाही, पोलीस म्हणाला तरी नाही, मित्र म्हणाला, "चुकून तुझ्या नंबरवर आला," तरी नाही. खाते पळवण्याची ही नेहमीची रीत आहे.

पाचवी गोष्ट, किती दाखवायचे. खाते प्रथम खासगी ठेवा. ॲप विचारते, सर्व नंबर वाचू का, ठिकाण पाहू का? नको म्हटले तरी खाते चालते. शाळेचा गणवेश, घराचा दरवाजा, गाडीचा नंबर असे फोटो मुलींनीच नव्हे, मुलांनीही टाकू नयेत. मुलींना आम्ही आणखी एक सांगतो. कोणी फोटोवरून धमकावले तर पैसे देऊ नका, त्याची विनवणी करू नका, आणि एकटीने सोसू नका. आईला सांगा, बाईंना सांगा. आणि पालकांनो, अशा वेळी मुलीचा मोबाईल काढून घेऊ नका. मोबाईल जाईल या भीतीनेच मुली गप्प राहतात, आणि धमकावणाऱ्याला तेच हवे असते.

येथपर्यंत सारे आपल्या खात्याविषयी झाले. आता दुसऱ्याच्या नावाने येणाऱ्या खात्यांविषयी. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पांगली आहेत. भाऊ तामिळनाडूत, आई विट्याजवळच्या खेड्यात, असा संसार मोबाईलवर चालतो. अशा घरात कोणी भावाचा फोटो लावून नवे खाते काढले आणि "अडचणीत आहे, लगेच पैसे पाठव" असे लिहिले, तर आई विचार न करता पाठवील. म्हणून घराघरांत एक नियम करा. पैशाचा निरोप आला की जुन्या नंबरावर फोन लावायचा, आवाज ऐकायचा, आणि घरच्यालाच ठाऊक असलेली एखादी गोष्ट विचारायची. आता आवाजाचीही नक्कल होते, म्हणून हे शेवटचे विसरू नका.

मित्रहो, खाते सुरक्षित केले तरी एक धोका उरतो. तो म्हणजे आपलेच बोट. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ती अफवा मोबाईलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या जत तालुक्यातील लवंगा येथे परप्रांतीय साधूंना त्याच संशयावरून मारहाण झाली. पंचशीलातले चौथे शील आपण दर वंदनेत म्हणतो, खोटे बोलणार नाही. दुसऱ्याचे खोटे पुढे पाठवणे हेही त्याच शीलाचे उल्लंघन आहे, असे आम्ही मानतो.

आता सर्वांत अवघड प्रसंग. उद्या एखाद्या खात्यावरून बाबासाहेबांविषयी घाणेरडा मजकूर आला, तर आपण काय करणार? राग येणारच, यायलाच हवा. परंतु साताऱ्याची गोष्ट आठवा. ते नाव खरे आहे की दुसऱ्या कोणी पेटवायला घेतले आहे, हे त्या क्षणी आपल्याला ठाऊक नसते. म्हणून स्क्रीनशॉट घ्या, खात्याचा पत्ता आणि वेळ टिपून ठेवा, ॲपमध्ये तक्रार करा, आणि दोन वडीलधाऱ्यांना घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. पोच घ्या. तो मजकूर "बघा कसे लिहिले आहे" म्हणून पुढे पाठवू नका, कारण पसरवणाऱ्याचे काम तुम्हीच पुरे कराल. आणि त्या नावाच्या माणसाच्या घरावर जाऊ नका. ज्यांच्या वस्त्यांवर जमाव चालून आले, त्यांच्या मुलांनी जमावात उभे राहू नये.

आणि हेच आपल्यावर आले तर? आपल्या खात्यावरून न लिहिलेले काही दिसले, तर एक क्षणही लाज धरू नका. पासवर्ड बदला, इतर सर्व ठिकाणांहून खाते बाहेर काढा, नातेवाईकांना फोनवरून सांगा, आणि १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर १९३० ला पहिल्या तासात फोन करा, कारण रक्कम वाटेतच अडवण्याची शक्यता तेव्हा अधिक असते. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क प्रमाणे गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रारीची तारीख-वेळ लागलेला कागद हाच उद्या तुमच्या निर्दोषपणाचा साक्षीदार ठरेल.

शेवटी संस्थेला एक विनंती. दर रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास टेबल मांडावे. महाविद्यालयातल्या चार मुला-मुलींनी तिथे बसावे आणि ज्याला खाते उघडायचे आहे त्याला ते समोर बसवून, त्याच्याच बोटाने उघडायला लावावे. आपण दाखवायचे, पण पासवर्ड टाकताना तोंड फिरवायचे. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनी संकोच सोडून पहिल्याच रविवारी यावे. आम्ही येणार आहोत, वहीसह.

 जय भीम.