दुसऱ्याच्या घरी शिकताना
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे, ‘इटलीतले दिवस’. पिसाचा मनोरा आणि व्हेनिसच्या होड्या ऐकायच्या तयारीने आला असाल, तर आधीच सांगते, ते सगळं सहलवाल्यांच्या माहितीपत्रकात जास्त चांगलं मिळेल. मी दोन वर्षं तोरिनोमध्ये एका कुटुंबात राहिले आणि बोलणार आहे ती त्या घराबद्दल. आपल्या ग्रुपवर हल्ली दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, “मुलगी बाहेर शिकायला चालली आहे, राहायचं काय?” म्हणून.

२००३ साली इंजिनिअरिंग संपवून मी मुलुंडहून निघाले. ज्यांच्याकडे खोली मिळाली ते आजोबा फियाटमधून निवृत्त झालेले, आजी घर सांभाळणाऱ्या आणि सोबत कॉलेजात जाणारी नात. पहिल्या संध्याकाळी आजींनी चहापाणी विचारायच्या आधी पासपोर्ट मागितला. मी जरा दचकलेच. मग नातीने समजावलं. तिथे परदेशी माणसाला घरात ठेवून घेणाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोलिसांना लेखी कळवायचं असतं. म्हणजे ज्या देशात मला कोणी ओळखत नव्हतं, तिथे माझ्यासाठी पहिली सही या बाईंनी केली.

आठ दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्याचा अर्जही करायचा असतो. त्याचं नाव ‘पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो’. पहाटे रांगेत उभं राहून हा शब्द पाठ झाला होता. आणि मग लक्षात आलं की, इटालियन माणूस कोणाच्याही घरात शिरताना, यजमान समोर दार उघडून ‘या या’ म्हणत असला तरी, उंबऱ्यावर थबकून ‘पेर्मेस्सो?’ असंच विचारतो. येऊ का? कचेरीतही तोच शब्द, दारातही तोच. कचेरीत उत्तर यायला महिने लागतात एवढाच फरक.

जेवणाचे घोळ सांगायला बसले तर दहा मिनिटं त्यातच जातील. मी मांस खात नाही हे आजींनी मनापासून ऐकून घेतलं आणि पास्त्यात हॅमचे बारीक तुकडे घातले. “हे मांस नाही, हे प्रोशुत्तो.” आपल्याकडे बंगाली माणूस माशाला भाजी समजतो म्हणतात, तसंच. हळूहळू मिनेस्त्रोने, पोलेंता, डाळींचे सूप यांवर आमची तडजोड झाली. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचं पिठलंच, फक्त फोडणीशिवाय. एका रविवारी मी त्याला मोहरी-हिंगाची फोडणी दिली. आजोबांनी दोनदा वाढून घेतलं, आजींनी खिडकी उघडली.

खरी पायरी ओलांडली ती भाषेत. इटालियनमध्ये आदराने बोलायचं तर समोरच्याला ‘लेई’ म्हणतात, शब्दशः ‘ती’. जवळच्याला ‘तू’. ‘तू’ आपल्यासारखंच तू! पहिले चार महिने आजी आणि मी एकमेकींना ‘लेई’ म्हणत होतो. मग फेब्रुवारीत मी तापाने पडले. आजी रात्री पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आता मला तू म्हण.” ज्या घरात आईला ‘अगं’ आणि सासूला ‘अहो’ म्हणतात, त्या घरातून आलेल्या मुलीला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

त्या तापात मला आनंदीबाई जोशी आठवल्या. तोरिनोत कायद्यानेच १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल इमारतींची उष्णता चालू ठेवता येते, तरी मी गोधडीत कुडकुडत होते. ही तर आपल्याच सेंट्रल लाइनवरची, कल्याणची मुलगी. १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली तेव्हा अठरा वर्षांची. बोटीवर घ्यायला आल्या थिओडिशिया कार्पेंटर. नात्याच्या ना गोत्याच्या. गोपाळराव जोश्यांनी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र छापून आलं होतं, ते यांनी दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं आणि पत्रव्यवहार सुरू केला. कॉलेज सुरू होईपर्यंत न्यूजर्सीतल्या रोझेल गावी त्यांनी या मुलीला घरात ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

आपण आनंदीबाईंची गोष्ट नेहमी जिद्दीची म्हणून सांगतो. शाळेत आपणही तशीच ऐकली. जिद्द होतीच. पण मावशी बोटीवर आल्या नसत्या तर त्या जिद्दीने पहिली रात्र कुठे काढली असती? ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात पदवी मिळाली. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात आनंदीबाई गेल्या. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या आणि त्यांनी पोकीप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या. घरात ठेवून घेतलेल्या मुलीला त्यांनी शेवटपर्यंत घरचीच मानलं.

आपल्याकडे हे नवीन नाही. वार लावून जेवणं आपल्या पणजोबांच्या पिढीने केलंय. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्याचं गोडवं गाताना एक गोष्ट मात्र आपण गाळतो. ती पंगत ठरावीक जातींच्या मुलांचीच होती. बाकीच्यांना दारंच बंद, म्हणून तर शाहू महाराजांना १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी करावी लागली. आणि वाराच्या घरी मिळणारा प्रत्येक घास प्रेमाचाच असे असंही नाही. पाहुणचार आणि उपकार यांतला फरक जेवणाऱ्याला पहिल्या घासाला कळतो. तोरिनोत मी भाडं देत होते. त्याचा मला फार आधार वाटे, आणि मला वाटतं आजींनाही.

म्हणून ज्यांची मुलं चालली आहेत त्यांना माझं इतकंच सांगणं. भाडं ठरवून घ्या, जेवणाचं आधी स्पष्ट बोला, आणि मुलांना घरात काहीतरी काम करू द्या. मी रोज रात्री कचरा वेगळा करून खाली नेत असे. त्यामुळेच शेजाऱ्यांना माझं नाव कळलं.

आता दुसरी बाजू. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी एक खोली रिकामी झाली आहे? मुलं बंगळुरूला नाहीतर कॅनडात. आमच्या घरी मागच्या जूनपासून चिपळूणजवळच्या गावातली एक मुलगी राहते, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन हजार रुपये देते, रात्री भाकरी तीच करते, माझ्यापेक्षा बऱ्या. आणि गणपतीला गावी जाताना आमच्या सासूबाईंना घेऊन गेली. मुंबईत पीजीचे दर काय झालेत ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या शाळेच्या बाईंच्या ओळखीत आणखी सहा मुली आहेत, कोकणातल्या आणि सांगलीकडच्या. खोली नसेल तर आठवड्यातून एक रात्रीचं जेवणही चालेल, वारच म्हणा, या वेळी जात न विचारता.

दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव, स्टेशन आणि घरात कोण कोण असतं एवढं लिहा. कुत्रा असेल तर तेही लिहा, एक मुलगी घाबरते.