देवावर भिस्त आणि हातांस काम

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यांत ख्रिस्ती कुटुंबेंहि राहतात. महिनाअखेरचें वेतन, भविष्यनिर्वाह निधि आणि विमा यांच्या हिशेबावर कारखान्यांतील माणसाचा संसार चालतो. अशा घरांत रोजच्या भाकरीची प्रार्थना म्हटली जाते, तेव्हां एक प्रश्न उभा राहतो. भाकरीची तरतूद आपणच करून ठेविली, तर देवाकडे मागावयाचें तें काय? आणि सर्व कांहीं देवावर सोंपवावयाचें, तर मग कष्ट तरी कां करावयाचे?

याच पुणें जिल्ह्यांत, दौंडच्या वाटेवरील केडगांवीं, पंडिता रमाबाईंनीं आपल्या आयुष्यानें या प्रश्नाचें उत्तर देऊन ठेविलें आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर विद्वान्. तीर्थयात्रा, दानधर्म आणि पुराणकथन यांत त्यांचें आयुष्य गेलें. पुढें दक्षिणेंत दुष्काळ पडला, गांठीचें द्रव्य संपलें, आणि वडील, आई व बहीण एकामागून एक निवर्तलीं. त्या दिवसांविषयीं लिहितांना रमाबाईंनीं एक कटु गोष्ट लपविली नाहीं. अभिमानामुळें कुटुंबास मजुरी करणें कमीपणाचें वाटलें, आणि पोट भरण्याचा एकहि धंदा कोणास येत नव्हता. भक्तीची त्या घरांत उणीव नव्हती. उणीव होती ती हातांच्या कामाची.

१८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढिलें. पुढच्या सालीं तें पुण्यास आलें. अमेरिकेंतील मित्रमंडळींनीं दहा वर्षें मदत करण्याचें वचन दिलें होतें. तें १८९८ सालीं पुरें व्हावयाचें होतें. अशा वेळीं हिशेबी व्यवस्थापक हात आंखडता घेता. रमाबाईंनीं नेमकें उलट केलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि शेंकडों निराधार मुलींस व स्त्रियांस घेऊन आल्या. उद्यांच्या धान्याची हमी कोणीहि दिलेली नव्हती. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तर केडगांवच्या मुक्तिसदनांतील संख्या दीड हजारांच्या वर गेली.

परंतु प्रार्थना करून रमाबाई स्वस्थ बसल्या नाहींत. पाण्यासाठीं त्यांनीं देवाची आळवणी केली आणि विहिरीहि खणविल्या. शेती, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना, सर्व कामें मुलींच्या हातीं आलीं. पित्याच्या घरीं जें नव्हतें, तें या घरीं प्रार्थनेच्या जोडीला बसलें.

कोणी म्हणेल, धान्य देवानें नव्हे, देणगीदारांनीं धाडिलें. तें खरेंच आहे. पण देव माणसांस वगळून देतो, असें ख्रिस्ती श्रद्धेचें म्हणणेंच नाहीं. संत पौलहि करिंथ येथें तंबू शिवून पोट भरीत असे. विश्वास ठेवणें म्हणजे हात आंवरणें नव्हे. हातांच्या बळावरील गर्व सोडणें होय.

या विश्वासाची खरी परीक्षा शेवटीं झाली. जिच्या हातीं कार्य सोंपवावयाचें, ती एकुलती कन्या मनोरमा १९२१ सालीं वारली. माणसानें केलेली तरतूदच नाहींशी झाली. तरीहि रमाबाईंनीं बायबलाचें मराठी भाषांतर हातचें सोडलें नाहीं. तें पुरें करूनच ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. केडगांवचें कार्य आजहि चालूं आहे.

म्हणून वेतनाचा हिशेब ठेवणें हा अविश्वास नव्हे, आणि विम्याचा हप्ता भरणारा मनुष्य देवास विसरला असेंहि नव्हे. मात्र जो त्या कागदांवरच सर्व भिस्त ठेवितो, त्याचा धीर कारखान्याचें दार बंद झाल्या दिवशींच संपतो. ज्याची भिस्त त्यापलीकडे आहे, तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून पुन्हां काम शोधावयास निघतो, आणि शेजाऱ्याच्या घरीं चूल पेटली कीं नाहीं, हेंहि पाहून जातो.