माघारीचा मुहूर्त

(पावसाळी गिरिभ्रमणास निघणाऱ्या तरुणांच्या आणि त्यांच्या पालकांच्या एकत्रित मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आषाढातील एखाद्या सोमवारचे वृत्तपत्र उघडावे. आदल्या दिवशी कुठल्यातरी घाटात, धबधब्याखाली किंवा गडाच्या वाटेवर कुणी अडकल्याची, कुणी वाहून गेल्याची बातमी बहुधा सापडते. तिच्यात एक ठरलेले वाक्यही असते : ‘अचानक हवामान बदलले.’ दोन ओळी पुढे ‘निसर्गाने दगा दिला’ असेही वाचावयास मिळते. दगा देण्यासाठी आधी वचन द्यावे लागते. सह्याद्रीने असे वचन कुणाला दिल्याचे ऐकिवात नाही. वचन असते ते माणसांनी परस्परांना दिलेले. रविवारी गडावर जायचेच, माथ्यावर झेंडा फडकवायचाच, रात्रीच्या गाडीने परतायचेच आणि सोमवारी कामावर हजर व्हायचेच. ढग हे वेळापत्रक वाचत नाहीत. डोंगरातील हवामान लहरी असते हे खरे. परंतु बहुतेक दुर्घटनांच्या मुळाशी त्या लहरीपणापेक्षा माणसाचा हट्ट अधिक असतो.

हा लहरीपणा येतो कोठून, हे थोडे समजून घ्यावयास हवे. अरबी समुद्रावरून बाष्पाने जड झालेले वारे कोकणची अरुंद पट्टी ओलांडतात आणि समोर सुमारे हजार मीटर उंचीची भिंत उभी ठाकते. वाऱ्याला वर चढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. वर चढताना हवा थंड होते, बाष्पाचे थेंब होतात आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. भिंत ओलांडून पलीकडे उतरलेल्या वाऱ्याजवळ देण्यासारखे फारसे शिल्लक राहत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तेथून वीसएक किलोमीटरवर असलेल्या पाचगणीला त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. अंतर अर्ध्या तासाचे, पण पावसाळे दोन वेगळे! मुंबईकरांना तर हे सांगावयास नको. २७ जुलै २००५ रोजी सकाळी संपलेल्या प्रलयंकारी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, पाऊणशे मिलिमीटरसुद्धा नाही. सपाटीवरच्या एका शहराची ही कथा, तर दर खोऱ्यागणिक वारा वळवणाऱ्या डोंगराची काय असेल?

म्हणूनच जिल्ह्याचा अंदाज वाचून गडावर निघणे पुरेसे नाही. बारामतीही पुणे जिल्ह्यात आणि मुळशीही पुणे जिल्ह्यात. एका ठिकाणी शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, तेव्हा दुसरीकडे ताम्हिणीत हातभर अंतरावरचे दिसत नाही. हवामान विभाग आता घाटक्षेत्रासाठी निराळा इशारा देतो, तो मुद्दाम पाहावा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस गेला की तो ‘मुसळधार’, ११५.६च्या पुढे ‘अतिमुसळधार’ आणि २०४.४च्या वर गेला की त्याहूनही वरचा वर्ग. पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग सजावटीसाठी दिलेले नसतात. लाल इशाऱ्याच्या दिवशी घरी बसून गडाचा इतिहास वाचावा. गड कुठे जात नाही.

पावसाळी भ्रमंतीत धोका कड्यापेक्षा ओढ्याचा अधिक. सकाळी घोट्याएवढे पाणी ओलांडून गेलेली मंडळी दुपारी परततात, तेव्हा तोच ओढा कमरेइतका झालेला असतो. जेथे माणूस उभा आहे तेथे ऊनही असू शकेल. पाऊस वर, माथ्यावर पडलेला असतो. सह्याद्रीच्या ओढ्यांचे पाणलोट लहान आणि उतार तीव्र, त्यामुळे वरचे पाणी खाली यायला काही मिनिटे पुरतात. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला आडवे करते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. प्रवाहाच्या मधोमध ते एकमेकांना घट्ट धरून उभे होते आणि पाणी बघता बघता वाढत होते. ती दृश्ये घरोघरी पाहिली गेली. ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरता येणार नाहीत.

ओढा सूचना देतो. स्वच्छ पाणी गढूळ होते, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागतात, आवाज जड होतो. यांतील एकही खूण दिसली की पात्रातून तत्काळ बाहेर पडावे, ज्या काठाला जवळ असू त्या काठाला. मित्र पलीकडे राहिले तर राहू द्यावेत. हे पाणी जसे झपाट्याने चढते तसे बहुधा झपाट्याने उतरतेही. पाऊस थांबल्यावर दोन-चार तास काठावर भिजत, उपाशी बसणे हा त्यावरचा उपाय आहे. या उपायाला पैसा लागत नाही, दोर लागत नाही. लागते ती फक्त शेवटची गाडी चुकू देण्याची तयारी.

भिजण्याचेही एक शास्त्र आहे. मैदानातून निघालेल्याला वाटते, महाराष्ट्रात कसली आली आहे थंडी! कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर. समुद्रसपाटीपेक्षा तेथे तापमान आठ-दहा अंशांनी कमी. त्यात चिंब सुती कपडे आणि भणाणणारा वारा. शरीराची ऊब उतरू लागली की आधी हुडहुडी भरते, मग बोटे बटणे लावीनाशी होतात, बोलणे अडखळते, पाऊल चुकू लागते. हुडहुडी आपोआप थांबली तर ती सुधारणा समजू नये. तो धोका वाढल्याचा इशारा असतो. अशा मुलाला ‘चल, चल, थोडेच राहिले’ म्हणून पुढे रेटणे हा गुन्हाच होय. ओले कपडे काढून कोरडे चढवावेत, वाऱ्यापासून आडोसा द्यावा, गोड गरम काहीतरी पाजावे आणि परतीची वाट धरावी.

अंदाज असूनही माणसे कशी फसतात, याचे हिमालयातील एक उदाहरण आठवावे. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आदळले. वादळाची वार्ता कित्येक दिवस आधीपासून जगजाहीर होती. त्याचे बाष्प उत्तरेकडे सरकत गेले आणि १४ तारखेला नेपाळात, अन्नपूर्णा परिक्रमेच्या वाटेवरील ५४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीत ते प्रचंड हिमवर्षाव होऊन कोसळले. ऑक्टोबर हा तेथला सर्वांत निर्धोक महिना मानला जातो. त्या दिवशी शेकडो पदयात्री खिंड ओलांडत होते. त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. मृतांत भारतीयही होते. समुद्रकिनाऱ्यावरच्या वादळाचा आणि हिमालयातल्या बर्फाचा संबंध फार थोड्यांनी जोडला. पहाटे हिम पडू लागल्यावरही अनेक जण निघाले, कारण कार्यक्रमात त्या दिवशी खिंड लिहिलेली होती.

आता दुसरी बाजू. वीस वर्षांच्या मुलाला परत फीर म्हटले की त्याला तो भित्रेपणा वाटतो. अशा मुलाला भारतीयांच्या एव्हरेस्ट मोहिमांची कथा सांगावी. मात्र ती १९६५ पासून नव्हे, १९६० पासून सांगावी.

ब्रिगेडियर ग्यानसिंग यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम १९६० सालची. २५ मे रोजी नवांग गोम्बू, सोनम ग्यात्सो आणि कॅप्टन नरेंद्र कुमार हे तिघे २८,३०० फुटांवर पोहोचले. शिखर उरले होते सातशे फूट. परंतु वादळी वारा आणि उडते हिम यांनी समोरचे काही दिसेना. तिघे फिरले. दोन वर्षांनी मेजर जॉन डायस यांची मोहीम निघाली. मोहन सिंग कोहली, हरी डांग आणि पुन्हा तेच सोनम ग्यात्सो शिखराच्या अंगणात गेले. सर्वांत वरच्या छावणीत त्यांनी लागोपाठ तीन रात्री काढल्या, त्यांतील दोन प्राणवायूशिवाय. ३० मे १९६२ रोजी ते २८,६०० फुटांवर होते. उरले होते फक्त चारशे फूट! हवा पुन्हा बिघडली आणि तिघे पुन्हा फिरले. चारशे फूट म्हणजे पर्वतीच्या टेकडीची जेमतेम दीडपट. देशाची प्रतिष्ठा पणाला लागलेली, लाखोंचे लक्ष लागलेले, आणि माथा डोळ्यांसमोर. त्या क्षणी पाठ फिरवण्यास जे धैर्य लागले, त्याचे मोजमाप फुटांत होणार नाही.

१९६५ साली कोहली स्वतः नेते झाले. मेच्या आरंभी हवामान बिघडताच त्यांनी चढाई थांबवून संघ तळछावणीवर उतरवला आणि तिथे दिवसामागून दिवस वाट पाहिली. हा बसून राहण्याचा काळ कोणत्याही नेत्याची सर्वांत कठोर परीक्षा घेतो. खाली शिधा संपत असतो, वर पावसाळा जवळ येत असतो आणि तंबूतला प्रत्येक जण नेत्याच्या तोंडाकडे बघत असतो. अखेर आकाश उघडले. २० मे रोजी चीमा आणि गोम्बू, २२ रोजी ग्यात्सो आणि सोनम वांग्याल, २४ रोजी व्होरा आणि आंग कामी, तर २९ मे रोजी अहलुवालिया, रावत आणि फू दोर्जी असे नऊ जण माथ्यावर पोहोचले. एकाच मोहिमेतील नऊ शिखरवीरांचा हा विक्रम पुढे सतरा वर्षे अबाधित राहिला. दोनदा माघारी फिरलेले सोनम ग्यात्सो तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. तोवर एव्हरेस्टवर पाऊल ठेवणाऱ्यांत सर्वांत वयस्क.

नरेंद्र कुमारांचे काय झाले? त्यांच्या वाट्याला एव्हरेस्टचा माथा कधीच आला नाही. १९६१ मध्ये नीलकंठ शिखरावर हिमदंशाने त्यांची चार बोटे गेली. १९६५ च्या मोहिमेत ते उपनेते होते. १९७७ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखालील सैनिकी तुकडी कांचनगंगेवर पोहोचली. पुढे १९७८ आणि १९८१ मध्ये त्यांनी सियाचीन हिमनदीवर मोहिमा नेल्या आणि तेथील परकीय वावराचे पुरावे सैन्यापुढे ठेवले. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाले, त्यामागे या शोधयात्रांचे मोठे बळ होते. १९६० साली सातशे फुटांच्या मोहाने हा कॅप्टन त्या वाऱ्यात पुढे गेला असता, तर सियाचीनला कोण गेले असते?

यावर कुणी विचारील, मग बाजीप्रभूंचे काय? १२ जुलै १६६० च्या रात्री, भर पावसात, महाराज पन्हाळ्याहून निघालेच ना? दर जुलैमध्ये शेकडो तरुण त्या वाटेने चालतात, ते योग्यच आहे. परंतु त्या रात्रीचे स्मरण करताना दोन गोष्टी निसटतात. पन्हाळा सोडणे हीच मुळात माघार होती. सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकून राहण्यापेक्षा किल्ला मागे टाकणे शहाणपणाचे, हा तो निर्णय. आणि पाऊस त्यांना अचानक भेटला नव्हता. पावसाचा काळोख आणि त्यामुळे ढिला पडलेला पहारा हे त्या बेताचेच अंग होते. वाट दाखवणारी माणसे त्या रानात वाढलेली होती. घोडखिंडीत जे रक्त सांडले, ते स्वराज्याच्या धन्याला वाचवण्यासाठी. छायाचित्रासाठी पुराच्या पाण्यात उतरणाऱ्याने त्या नावाचा आधार घेऊ नये.

पथकाच्या प्रमुखाने निघण्यापूर्वी, घरी, कोरड्या कपड्यांत असताना, परत फिरण्याची वेळ ठरवून टाकावी. माथा आलेला असो वा नसो, दुपारी बाराला फिरायचे म्हणजे फिरायचे. डोंगरावर दमलेल्या, भिजलेल्या डोक्याने घेतलेले निर्णय बहुधा माथ्याच्या बाजूने झुकतात. सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग हाच पथकाचा वेग धरावा. वळवाच्या दिवसांत तर दुपारच्या आत कडा आणि उघडी सोंड सोडलेली असावी. वीज चमकल्यापासून तीसपर्यंत मोजण्याआधी गडगडाट ऐकू आला तर माथा, एकटे झाड आणि गडावरचे लोखंडी कठडे यांपासून दूर व्हावे.

पालकांकडेही एक काम आहे. मुलगा वा मुलगी घरी परतली की पहिला प्रश्न ‘गड झाला का?’ असा असतो. अर्ध्या वाटेतून परतलेल्याला त्या प्रश्नाने ओशाळल्यासारखे होते आणि पुढच्या खेपेस ते उत्तर घेऊन येण्यासाठी तो नको तेथे पाऊल टाकतो. ‘कुठून फिरलात? काय दिसले म्हणून फिरलात?’ असे विचारून पाहावे. पोरे उत्साहाने सांगू लागतात.

आणि जे अडकतात त्यांच्यासाठी रात्री कोण निघते, याचाही विचार व्हावा. पायथ्याच्या वाडीतली माणसे, ज्यांची भातलावणी ऐन रंगात आलेली असते. दिवसभर चिखलात वाकून घरी आलेला गडी घोंगडे पांघरून, विजेरी घेऊन पुन्हा रान चढतो. शहरांतून बचावकार्याचे स्वयंसेवक सुट्टी टाकून, पदरमोड करून येतात. त्यांच्याही घरी कुणीतरी जागे असते.

म्हणून निघताना दोन चिठ्ठ्या लिहाव्यात. गडाचे नाव, चढण्याची वाट, उतरण्याची वाट, सोबत्यांची नावे आणि परतण्याची वेळ. एक घरी ठेवावी, दुसरी पायथ्याच्या वाडीत ज्या घरी पाणी प्यायलो त्या घरी द्यावी. संध्याकाळी उतरल्यावर त्या घरी जाऊन, सारे आलो आहोत, असे सांगावे आणि ती चिठ्ठी परत घ्यावी.