बातमी कुणाकडून आली?



सोशल मीडियाने पत्रकारिता कशी बदलली, हा विषय मला दिला आहे. मी पत्रकार नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हणून यंत्राच्या बाजूने बोलतो.

१३ मे २०२३च्या रात्री इथे अकोल्यात, जुन्या शहरात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. इन्स्टाग्रामवरच्या मजकुरावरून दोन जमाव समोरासमोर आले. दगडफेक, जाळपोळ झाली, एकाचा जीव गेला. शंभरहून अधिक जणांना अटक झाली, जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. अफवा थांबावी म्हणून नेट बंद करतात. पण खुलासाही त्याच वाटेने येणार असतो, तोही अडकतो.

घरी वर्तमानपत्र येत असेल तर त्यातली मुद्रक, प्रकाशक, संपादक अशी बारीक ओळ बघा. छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण देणं १८६७च्या कायद्याने सक्तीचं केलं, पुढे संपादकाचंही आलं. वर्तमानपत्रं धुतल्या तांदळासारखी होती असं नाही. दंगलीच्या बातमीत आपल्या मोहल्ल्याचं नाव कसं येतं, ते आपण वाचत आलोय. पण भांडायला निदान पत्ता होता.

व्हॉट्सअॅपवर मेसेज फॉरवर्ड केला की मूळ पाठवणाऱ्याचं नाव गळून पडतं. मजकुरासोबत पुढे जातो तो फक्त एक आकडा, किती हातांतून आला याचा. पाच हात झाले की दोन बाण दिसतात. जुलै २०१८मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच चॅटची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२०पासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. वेग कमी झाला, नाव काही परत आलं नाही. आणि स्क्रीनशॉट काढून पाठवला की तो आकडाही पुन्हा शून्यावर!

हदीसच्या अभ्यासात मजकुराइतकीच सनद बघतात, म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं ती साखळी. मधला एक माणूस भरवशाचा नसेल तर हदीस कमजोर ठरते. हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तरी मोहल्ल्याच्या ग्रुपवर "तुला कुणी पाठवलं?" असं विचारलं की उत्तर येतं, "इतना क्यूँ पूछ रहा?"

विचारायचं कारण सांगतो. गुन्हा दाखल झाला की फोन जप्त होतो, आणि त्यात पुढे पाठवणाऱ्या आपल्या पोराचं नाव सापडतं. कॉलेज त्याचं सुटतं, कोर्टाच्या तारखा त्याच्या बापाला. ज्याने मजकूर बनवला तो कुठल्या गावचा, हेही कळत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण ग्रुप अॅडमिन आहेत. आज रात्री एवढं करून बघा: घटना स्वतः पाहिलेल्याचं नाव, जागा आणि वेळ नसेल तर पोस्ट काढून टाकायची. आणि रस्त्यापलीकडच्या मोहल्ल्यातल्या एका तरी अॅडमिनचा नंबर फोनमध्ये ठेवा. तिकडे काय झालं ते त्यालाच विचारता येईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.