आठवड्याला एक गाणं

‘ऐकायला वेळच मिळत नाही,’ ही तक्रार घरोघरी असते. पण १९५५च्या रामनवमीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हाही लोकांना डबे भरायचे होते, कामावर जायचं होतं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. आठवड्याला एक गीत, वर्षाहून थोड्या जास्त काळात ५६! एका बैठकीत सगळं संपवायची सोय नव्हती, आणि तेच बरं होतं. पुढच्या गाण्याची वाट बघण्यातही मजा असते. आज कल्याणहून सीएसएमटीला जलद लोकलनं साधारण तासभर लागतो. तेवढ्यात पॉडकास्टचा एक भाग नाहीतर ऐकायच्या पुस्तकाची दोनेक प्रकरणं सहज होतात. बसायला जागा मिळालीच, तर छापील पुस्तक काढा. आणि हो, रस्ता ओलांडताना कानातले हेडफोन आधी काढा.