जीपचा संगणक आणि घरची वायरिंग



अंबड, घनसावंगी भागातील काळ्या जमिनीत पाऊस पडला की पाणंद रस्त्याने चारही चाकांवर ओढणारी जीपच उपयोगी पडते. पूर्वीच्या जीपचा डिझेल पंप यांत्रिक होता. बॅटरी उतरली तरी गाडी ढकलून सुरू करता येई. २०१० साली बाजारात आलेल्या थारमध्ये साधे डीआय आणि कॉमन रेल सीआरडीई अशी दोन इंजिने मिळत. कॉमन रेल इंजिनात डिझेल किती व केव्हा फवारायचे हे संगणक ठरवतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ नियम लागू झाले आणि अशी इंजिने ट्रॅक्टरमध्येही आली. म्हणून हा विषय आज आपणासमोर मांडत आहे.

समजा, मोसंबीची तोड चालू आहे, व्यापाऱ्याचा ट्रक सडकेवर उभा आहे आणि आपली जुनी जीप झटके खाऊन बंद पडते. कोणी म्हणतो संगणक गेला, कोणी म्हणतो मॅपिंग बदला. अशा वेळी हजारो रुपये खर्च करण्यापूर्वी वायरिंग तपासावी, हेच मला आज सांगायचे आहे.

ॲक्सिलरेटर, पाण्याचे तापमान, रेलमधील दाब यांची माहिती सेन्सर संगणकाला देतात. यातील बहुतेक सेन्सर ५ व्होल्टवर चालतात. अर्थिंग सैल असेल तर अर्ध्या व्होल्टचा फरकही मोठा ठरतो. नोंदच चुकली तर सातबारा चुकतो, तसेच हे आहे.

तपासणी पुढील क्रमाने करावी.

१) बॅटरी : गाडी काही तास उभी राहिल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. चालू इंजिनावर कमी मिळाल्यास पट्टा व अल्टरनेटर पाहावा.

२) अर्थिंग : गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूला व काळे टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावावे. दुसऱ्यास स्टार्टर मारण्यास सांगावे. हात पंख्यापासून दूर असावेत. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आल्यास बॅटरीची वायर सोडवून अर्थिंगची पट्टी काढावी. गंज व रंग खरवडून ती घट्ट बसवावी आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी.

३) जादा दिवे : इंजिनच्या वायरिंगमधून जोड घेऊ नये. ५५ वॅटचे दोन दिवे सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. त्यासाठी बॅटरीपासून वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज आणि रिले बसवावा. फ्यूजच्या जागी तार घालू नये. गाडीला आग लागण्याचे ते एक कारण आहे.

४) जोड : पिळा मारून वर टेप गुंडाळू नये. योग्य मापाची लग दाबून बसवावी व वर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. सायलेन्सरजवळून वायर नेऊ नये. गाडी कोठ्याजवळ उभी राहत असल्यास उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का ते पाहावे. सेन्सरची वायर टेस्ट लॅम्पने तपासू नये.

५) वेल्डिंग : हूक किंवा बंपर वेल्ड करण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि संगणकाचा कनेक्टर काढावा.

यानंतर डॅशबोर्डखालील १६ पिनांच्या कनेक्टरला स्कॅनर लावून कोड लिहून घ्यावा. कोड बिघाड कोणत्या सर्किटमध्ये आहे ते सांगतो. तेवढ्यावरून सेन्सर बदलू नये. आधी त्याची वायर व कनेक्टर पाहावा.

एक इशारा द्यावासा वाटतो. कॉमन रेलमधील दाब १००० बारच्याही वर जातो. इंजिन चालू असताना डिझेलच्या नळीचा नट सोडू नये, गळती हाताने चाचपू नये. ती धार कातडीतून आत शिरते. तसे झाल्यास जखम लहान दिसली तरी लगेच रुग्णालय गाठावे.

आता मॅपिंगविषयी. डिझेल वाढवले की ताकद वाढते, पण उष्णता, काळा धूर आणि क्लच व टर्बोवरील ताणही वाढतो. जुन्या इंजिनास हा भार पेलेलच असे नाही. मॅपिंग चढवताना वीजपुरवठा तुटला तर चांगला संगणकही निकामी होऊ शकतो. शिवाय नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मनाई आहे. घरी वायरिंग जरूर करावी. मॅपिंगच्या वाटेला जाऊ नये.

पावसाळ्यापूर्वी एक दिवस काढून ही तपासणी आपण कराल, अशी आशा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.